आझाद नगरला उतरा

तारीख 12 जानेवारी 2025, वार रविवार. घाटकोपरला मेट्रो पकडून तुम्ही आझाद नगरला उतरलात. जिन्यावर निळ्या जर्सीतली पोरं तुम्हाला ओलांडून धावत सुटतात. शहाजी राजे क्रीडा संकुलात फुटबॉलचा सामना, मुंबई सिटी विरुद्ध जमशेदपूर. तुम्ही अर्थातच निळ्यांचे. गेल्या मे महिन्यात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, करंडक त्यांनीच उचलला होता, तेव्हा छाती थोडी पुढे काढूनच चालताय.

जागेवर बसलात आणि नजर गेली पाहुण्यांच्या बाकड्याकडे. हा माणूस तर आपल्याच शहराचा! खालिद जमील. मग तो त्या बाजूला कसा?

सांगतो. पण त्यासाठी इथून उठावं लागेल.

2009. मुंबई एफसी हा वेगळा क्लब, जेमतेम दोन वर्षांचा. 2008 मध्ये दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून आय-लीगमध्ये आलेला. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला, भारताची जर्सी घातलेला एक मिडफिल्डर इथे शेवटचे सामने खेळतो. शरीराने साथ सोडलीय. वय 32. बूट काढतो आणि त्याच क्लबचा प्रशिक्षक होतो.

पुढची सात वर्षं बघायला बसाल तर कंटाळाल, आधीच सांगून ठेवतो. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू दुसरीकडे. कूपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा तर मुंबईच्या संघाचं घरचं मैदान पुण्यात, बालेवाडीला! खेळ म्हणजे आधी गोल वाचवायचा, मग बाकीचं. स्टँडमधून लोक कुरकुरतात, त्यांत तुम्हीही आहात. पण दर हंगामाच्या शेवटी गुणतक्ता उघडा. मुंबई एफसी खालच्या श्रेणीत गेलेली नाही. एकदाही नाही. भाड्याच्या खोलीत राहून वेळेवर भाडं भरणाऱ्या माणसाला कोण शाबासकी देतं? 2016 मध्ये क्लबने त्याला मोकळं केलं.

आता स्वेटर चढवा. 30 एप्रिल 2017, शिलाँग.

खालिदकडे आता आयझॉल एफसी आहे. आयझॉल हे गाव केवढं? 2011 च्या जनगणनेत तीन लाखांच्या आत. आपल्या मुलुंडच्या टी वॉर्डात याहून जास्त माणसं राहतात. हा संघ आदल्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत घेतलं, एवढंच. संघात आशुतोष मेहता दिसतो, जयेश राणे दिसतो. दोघेही मुंबई एफसीत याच्याच हाताखाली खेळलेले. आठ दिवसांपूर्वी यांनी मोहन बागानला 1-0 हरवलंय. आज आय-लीगच्या विजेतेपदाला नुसती बरोबरी पुरते.

नवव्या मिनिटाला डिपांडा डिका यजमान शिलाँग लाजोंगसाठी गोल करतो. मिझोरमहून डोंगररस्त्याने आलेली माणसं एकदम गप्प. मध्यंतर होतं, गप्पच. तुम्ही घड्याळ बघता, शेजारचाही बघतो. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला चेंडू जाळ्यात टाकतो आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणीच खाली बसत नाही. शिट्टी. 1-1. आयझॉल 37 गुण, मोहन बागान 36. राष्ट्रीय लीग जिंकणारा ईशान्येचा पहिला क्लब!

नाचून झालं की त्याच तक्त्यात तळाला बोट न्या. दहावा क्रमांक, दहा संघांपैकी : मुंबई एफसी. त्याच हंगामात आयझॉलला घेऊन खालिद कूपरेजवर जुन्या क्लबाविरुद्ध उभा राहिला होता. ती त्या घरची शेवटची भेट. हंगाम संपला, संघ घसरला आणि क्लबाने दारंच लावून घेतली. माझं मत विचाराल तर या शहराने खालिदची किंमत तो गेल्यावर केली, तीही तक्ता पाहून.

मधली वर्षं धावतच ओलांडू. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड. 2021 मध्ये गोव्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून हाती आलेला हा संघ त्याने बाद फेरीत नेला. आयएसएलमध्ये हे करणारा पहिला भारतीय प्रशिक्षक. डिसेंबर 2023 मध्ये जमशेदपूर.

चला, अंधेरीला परत. तुमची जागा अजून रिकामी आहे. मध्यंतराला 0-0. निळ्यांकडे चेंडू भरपूर, वाट मात्र सापडत नाही. हा खेळ तुम्ही ओळखता, बालेवाडीला याच्यावरच कुरकुरला होतात. मग मोहम्मद सनन, जॉर्डन मरे आणि अगदी शेवटी हावी हर्नांडेझ. मुंबई सिटी 0, जमशेदपूर 3. शेजारचा काका शेवटची शिट्टी व्हायच्या आत उठतो. तुम्ही बसून राहता. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे ठरेपर्यंत समोरचं बाकडं रिकामं होतं.

1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद जमील भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. 29 ऑगस्टला ताजिकिस्तानमधल्या पहिल्याच सामन्यात भारताने यजमानांना 2-1 हरवलं.