उपयोग लिहा

माझी भाची न्यूझीलंडला असते. गेल्या वर्षी साठवलेले पैसे घालून ती बोटीने मॅक्वारी बेटाकडे जाऊन आली. कशाला, तर पेंग्विन बघायला! मी फोनवर म्हणालो, "अगं, एवढ्या पैशांत गावच्या घराला एक खोली वाढली असती." ती म्हणाली, "मामा, फोटो पाठवते, ते बघा आणि मग बोला."

फोटोत किनाराभर किंग पेंग्विन उभे होते, जत्रेसारखी दाटी. आणि त्यांच्या मधोमध गंजून तांबडी झालेली उंच लोखंडी पिंपं. ती कसली, हे शोधायला बसलो आणि दोन दिवस त्यातच गेले.

मॅक्वारी हे टास्मानियापासून सुमारे दीड हजार कि.मी. आग्नेयेला असलेलं, ३४ कि.मी. लांबीचं चिंचोळं बेट. १८१० साली सील मारणाऱ्यांच्या एका जहाजाला ते सापडलं. केसाळ सील दहा-बारा वर्षांत जवळजवळ संपले. मग चरबीसाठी एलिफंट सीलांवर पाळी आली आणि शेवटी पेंग्विनांवर. इन्व्हरकार्गिलचा व्यापारी जोसेफ हॅच याने १८८९च्या सुमारास तिथे ही पिंपं नेली. आपल्या घरातला कुकर मनात माणसाहून उंच करून पाहा, म्हणजे ती काय होती ते कळेल. पेंग्विन मारून त्यांत वाफेवर शिजवायचे आणि तेल काढायचं. एका पक्ष्यामागे तेल निघे जेमतेम अर्धा लिटर.

हे इतकं सोपं का झालं? जमिनीवर पेंग्विनांना शत्रू ठाऊकच नव्हता. माणूस जवळ आला तरी ते पळत नसत.

याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत अप्सली चेरी-गॅरार्ड होता. याच गृहस्थाने १९११च्या ध्रुवीय हिवाळ्यात, गडद अंधारात, दोन सोबत्यांसह एम्परर पेंग्विनची तीन अंडी विज्ञानासाठी आणली होती. संशोधक डग्लस मॉसनही या मोहिमेत होता. अखेर टास्मानिया सरकारने हॅचचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. १९३३ साली बेट अभयारण्य झालं, १९९७ साली जागतिक वारसा. फोटोतल्या त्या लुसिटानिया उपसागरात १९३०च्या सुमारास काही हजारच किंग पेंग्विन उरले होते. १९८० पर्यंत ते दोन लाखांवर गेले.

हौशी प्रवाशांना बोटीने अंटार्क्टिकाला नेण्याची वाट लार्स-एरिक लिंडब्लाड याने १९६६ साली पाडली. आज त्या दक्षिण समुद्रात अशा पुष्कळ बोटी फिरतात. भाची सांगत होती, लुसिटानियाला उतरूच देत नाहीत, लहान होडीतून लांबून बघायचं. दुसरीकडे उतरण्याआधी बूट घासून धुवायचे आणि पक्ष्यांपासून पाच मीटर दूर राहायचं. पण पेंग्विनांना हा नियम कोण सांगणार? ती खाली बसली तर एक चालत आला आणि तिच्या बुटाची लेस ओढू लागला.

त्याच्या खापरपणजोबांचा जीव ज्या भोळेपणामुळे गेला, तोच हा भोळेपणा. तो बदलला नाही. बदलावं लागलं ते आपल्याला, आणि त्या पाच मीटरांसाठी आपल्याला शंभर वर्षं लागली. बोटींची गर्दी अशीच वाढली तर ते पाच मीटर तरी पुरतील का, ही शंका मात्र मनातून जात नाही.

मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. 'सील आणि देवमासा यांचे उपयोग लिहा' हा प्रश्न मी कितीदा काढला असेन! तेल, कातडी, मांस असं लिहिणाऱ्याला पुरे गुण दिले. 'त्यांचा उपयोग त्यांना स्वतःला' असं एखाद्या पोराने लिहिलं असतं, तर मी लाल शाईने फुली मारली असती.

भाचीला फोन करून म्हणालो, "खोलीचं राहू दे. गेलीस ते बरं केलंस."