दोन नद्यांमधले गाव : गळ, जत्रा आणि चढणीचे मासे

आकुर्डीचे नाव काढले की कोणाच्याही डोळ्यांसमोर कारखान्याचे भोंगे, स्कूटर आणि लोकलचे स्थानक उभे राहते. नदी मात्र कोणाला आठवत नाही. याचे एक साधे कारण असे की आकुर्डी नदीकाठी वसलेली नाही. ती दोन नद्यांच्या मधल्या माळावर वसली आहे. दक्षिणेला रावेत-वाल्हेकरवाडीच्या अंगाने पवना वाहते, तर उत्तरेला देहू-तळवडे-चिखलीच्या अंगाने इंद्रायणी. पूर्वी या माळावरच्या माणसाला मासे धरायचे असले तर कोणत्या नदीकडे जायचे हे ठरवावे लागे. आणि हा निर्णय केवळ अंतराचा नव्हता. एका नदीत गळ टाकता येत असे, दुसरीच्या काही डोहांत तो टाकणे पाप मानले जाई. या दोन काठांचा आणि त्यांच्याशी जोडलेल्या उन्हाळी उत्सवांचा इतिहास एकत्र वाचला तर काय हाती लागते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ ऋतुमानापासून केला पाहिजे. चैत्रापर्यंत रब्बीची कापणी-मळणी उरकलेली असते आणि मृगाचा पाऊस अजून दूर असतो. शेतकऱ्याच्या वर्षातला हाच काय तो मोकळा काळ. गावोगावच्या जत्रा याच दिवसांत का भरतात, याचे उत्तर पुराणात शोधण्याआधी शेतीच्या वेळापत्रकात शोधावे, असे आम्हांला वाटते. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड हनुमान जयंतीला, म्हणजे चैत्री पौर्णिमेला निघते. आज ते संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या परिसरातून जाते, पण तिथी बदललेली नाही. कुस्त्यांचे फड, तमाशा, बैलगाड्यांचे घाट हे सारे या मोकळ्या दीड-दोन महिन्यांतले.

नदीचेही तसेच. धरणांपूर्वीच्या काळात मावळातल्या नद्या उन्हाळ्यात आटून डोहांपुरत्या उरत. मासे त्या डोहांत कोंडले जात. हाताशी वेळ आणि पायाशी उथळ पाणी, अशी दुहेरी संधी माणसाला मिळे. भोई-कोळ्यांच्या पागांखेरीज कुणब्याचे पोरही काठीला दोरा आणि दोऱ्याला गळ बांधून काठावर बसे. गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढेच आमिष. म्हणजे जत्रा आणि मासेमारी यांना जन्म देणारे कारण एकच होते. दोन्ही उन्हाळ्याची अपत्ये.

या माशांची पहिली शास्त्रीय नोंद करणारा माणूस एक लष्करी अधिकारी होता. विल्यम हेन्री साइक्स याची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनचा सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक केली. शेतसारा, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने त्याने पशू-पक्षी आणि मासेही नोंदले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडला गेला आणि १८४१ साली सविस्तर छापून आला. त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे वर्णन आहे. तोच दख्खनचा महासीर. साइक्सने त्याला दिलेले 'खुद्री' हे नाव आजही त्याच्या शास्त्रीय नावात टिकून आहे.

साइक्सच्या यादीतली नावे वाचताना मराठी वाचकाला एक वेगळाच आनंद होतो. खुद्री, मसुल्ला, कोळस, शिंगटी, खरपा! लॅटिनच्या झग्याखालून मराठी धोतराचा सोगा दिसावा तसे हे शब्द डोकावतात. ही नावे साइक्सने स्वतः घडवली नाहीत. ती त्याला काठावरच्या कोणीतरी सांगितली. जाळे टाकणाऱ्या, मासा उलटापालटा करून दाखवणाऱ्या, 'हिला शिंगटी म्हणतात साहेब' असे सांगणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. शास्त्रीय प्रथेप्रमाणे प्रत्येक नावापुढे आजही साइक्सचे नाव लिहिले जाते. सांगणाऱ्याचे नाव मात्र त्या प्रथेत बसत नाही. इतिहासात मासा उरला, त्याला ओळखणारा उरला नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

साइक्सनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९४२ साली, मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात फ्रेझर यांचा 'पुण्याचे मासे' या विषयावरील लेख आला. १९४४ मध्ये सूटर यांनी त्यात भर घातली आणि १९६३ मध्ये तोनापी व मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांची पुन्हा नोंद घेतली. एका शहराच्या माशांची सव्वाशे वर्षांत इतक्या वेळा मोजदाद व्हावी, ही गोष्ट विरळाच. आपल्याकडे कागद नव्हते म्हणून मासे गेले, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आता इंद्रायणीकडे वळू. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याची प्रथा सुरू केली, असे संप्रदायाची परंपरा मानते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान होते, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात जाते आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो. आकुर्डीच्या वर्षातला हा सर्वांत मोठा दिवस. खंडोबाचा माळ आणि चंपाषष्ठी हे गावाचे आपले. पण पालखीची रात्र ही साऱ्या महाराष्ट्राने आकुर्डीला दिलेली आहे.

हे दिवस पंचांगाबाहेरूनही पाहण्यासारखे आहेत. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात मावळात पहिले पाणी येते. नदी गढूळ होऊन चढू लागते आणि तिच्याबरोबर मासेही. सह्याद्रीच्या पायथ्याचा प्रत्येक माणूस 'चढणीचे मासे' हा शब्द जाणतो. अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध वर, ओढ्या-नाल्यांत आणि भातखाचरांतही शिरतात. म्हणजे दरवर्षी साधारण एकाच सुमारास या माळाच्या आसपास दोन वाऱ्या निघतात. माणसे देशाकडे उतरतात आणि मासे घाटाकडे चढतात. दोघांनाही वाटेत गाठले जाते. माणसांना भाकरी-पिठले घेऊन, तर माशांना पाग आणि बांबूच्या कामट्यांचे सापळे घेऊन.

येथे एका लोकप्रिय समजुतीची तपासणी करणे भाग आहे. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, मासे वर्ज्य करण्यामागे आपल्या पूर्वजांनी माशांच्या विणीचा विचार केला होता, असे हल्ली वारंवार ऐकू येते. ऐकायला ते गोड आहे. पण नदीपुरते ते पुरते खरे नाही. चढण पहिल्या पुराबरोबर सुरू होते; चातुर्मास बसतो आषाढी एकादशीला आणि घरोघरचा निषेध प्रत्यक्षात श्रावणात. मधला आषाढ, आमच्याकडचा आखाड, हा तर सामिष खाण्याचा हक्काचा महिना. म्हणजे अंड्यांनी भरलेली मादी जेव्हा सर्वांत हतबल असते, नेमका तोच काळ परंपरेने मोकळा सोडला आहे. पूर्वजांचा मान राखावा. पण त्यांच्या नावावर आपले शहाणपण जमा करू नये.

याउलट, ज्या परंपरेने मासे खरोखर राखले तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. देहूच्या डोहातील माशांना देवाचे मासे मानून हात लावला जात नसे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथेही महासीर असेच देवाच्या नावे राखले गेले. येथे निषेध महिन्याला नव्हता, जागेला होता. उन्हाळ्यात नदी आटली की खोल डोह हेच माशांचे शेवटचे आसरे असतात. ते राखले की पुढच्या चढणीला बीज शिल्लक राहते. हे गणित कोणी मांडले होते की श्रद्धेने आपोआप साधले, ते ठरवण्याची आवश्यकता नाही. ते साधत होते, एवढे पुरे.

मग बिघडले कोठे? डोह राखणाऱ्या श्रद्धेला गळ दिसत होता, जाळे दिसत होते, सुरुंगही दिसत होता. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली, यावरून तो प्रकार किती रूढ झाला असावा याची कल्पना येते. परंतु पाण्यात विरघळून येणारा शत्रू श्रद्धेला दिसत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये आकुर्डी, चिंचवड, पिंपरी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका. या उद्योगांनी हजारो घरांत चूल पेटवली, आमच्यापैकी अनेकांच्याही. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण शहर जितक्या वेगाने वाढले तितक्या वेगाने सांडपाण्याची व्यवस्था वाढली नाही, हेही तितकेच खरे. पवनेवर धरण झाले, शहराचे पिण्याचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलले जाऊ लागले. बंधाऱ्याच्या वर धरणाचे पाणी आणि खाली मुख्यतः शहराने वापरून टाकलेले, अशी एकाच नदीची दोन शकले झाली. आता उन्हाळ्यात डोह आटत नाहीत, त्यांच्यावर जलपर्णी पसरते. आणि आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, तो वर्तमानपत्रांतून सर्वांनी पाहिला आहे.

गेल्या ज्येष्ठात आम्ही रावेतच्या अंगाला नदीकाठी गेलो होतो. एक वयस्क गृहस्थ गळ टाकून बसले होते. आम्ही विचारले, "काय मामा, लागतंय का काही?" ते म्हणाले, "चिलापी. दुसरं काय लागणार?" थोड्या वेळाने, न विचारताच, त्यांनी बोटे मोडीत नावे घेतली : मरळ, वाम, शिंगटी, कोळशी. प्रत्येक नावापुढे ती शेवटची कधी लागली होती हे ते सांगत होते. साल नव्हे, तर कोणत्या जत्रेच्या आधी, कोणत्या पालखीच्या वर्षी. चिलापी ही आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि घाण पाण्यातही तग धरते म्हणून टिकली. साइक्सला नावे सांगणारा माणूस कसा असेल, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

जगात अन्यत्र काय झाले, तेही पाहू. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 'स्ट्राइप्ड बास' नावाचा पट्टेरी मासा उन्हाळ्यात काठावरून गळाने धरण्याची मोठी हौस आहे. तोही समुद्रातून नद्यांत चढून वीण करतो. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने तो शेतात खत म्हणून टाकण्यास बंदी केली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची संख्या कोसळली. १९८४ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला, मेरिलंड राज्याने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली आणि १९९५ मध्ये तो सावरल्याचे जाहीर झाले. अलीकडे त्याची संख्या पुन्हा घटल्याने निर्बंध परतले आहेत, म्हणजे ही काही परीकथा नव्हे. पण माशाची वाट पाहणारी माणसे तेथे काठावर मोठ्या संख्येने होती आणि तो नाहीसा होत असल्याचे सरकारदरबारी दिसत होते, हा फरक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडेही माणसे आपल्या हक्कासाठी झगडत नाहीत असे नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. चिकाटीने लढा चालला, २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. पवना धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळच्या शेतकऱ्यांनी बऊर येथे महामार्ग अडवला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. घाटासाठी आणि शेताच्या पाण्यासाठी येथे माणसे उभी राहिली. शिंगटीसाठी कोण उभे राहणार? तिची वाट पाहणारा काठावर एकटा उरला आहे.

एक विचित्र समाधान मात्र आहे. इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्यात, वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून दख्खनच्या महासीराची कृत्रिम वीण करून लाखो पिले वाढवली. २०१८ मध्ये तो संकटग्रस्तांच्या जागतिक यादीतून कमी चिंतेच्या वर्गात गेला. पण ही पिले कावेरीतही सोडली गेली आणि तेथल्या मूळच्या मोठ्या महासीराला ती जड गेली, असे अभ्यासक सांगतात. मासा वाचवता येतो. नदीवाचून वाचवला तर तो असा परक्या घरी जाऊन बसतो.

आम्हांला यातून एवढेच सुचते. डोह राखणारी श्रद्धा आणि गळ टाकणारी भूक या दोघी वैरिणी वाटत आल्या. प्रत्यक्षात त्या एकाच काठावरच्या शेजारणी होत्या. एकीने मासे राखले, दुसरीने त्यांची नावे राखली. पुढच्या ज्येष्ठ वद्यात पालखी आकुर्डीत उतरेल, विठ्ठल मंदिरात रात्रभर टाळ वाजतील. त्याच रात्री पहिल्या पाण्याबरोबर काही मासे पवनेत वर निघालेले असतील. रावेतच्या बंधाऱ्याशी ते अडतील. निदान ते कोणते आहेत, हे नावानिशी सांगणारा माणूस तोवर त्या काठावर असावा.