पाणचक्कीचं कूळ

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, पाण्याचं काहीही जुनं दिसलं की लोक मलिक अंबरचं नाव घेतात. नहर-ए-अंबरी त्याची खरीच. पण तो १६२६ मध्ये वारला आणि खाम नदीकाठची पाणचक्की त्याच्या बऱ्याच नंतरची.

तिचं कूळ दरबारातलं नव्हे, खानकाहातलं. बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर औरंगजेबाच्या काळात इथे तकिया करून राहिले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश मुघल सेनापती गाझीउद्दीन खान फिरोजजंगच्या फौजेबरोबर हिंडत. मुसाफिर जागेवर बसले. मध्य आशियातून आलेले तुराणी शिपाई दोघांनाही मानत. १७१५ मध्ये मुसाफिर गेले आणि शिष्य शाह महमूद यांनी पसारा वाढवला. दोन्ही बाबांच्या आठवणींचा ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ हा फारसी ग्रंथही त्यांचाच. चक्की आणि हौदाच्या बांधकामाशी तुर्कताझ खान, जमील बेग खान या सरदारांची नावं जोडलेली आहेत. तलवारीची कमाई फकिराच्या भटारखान्यात अशी उतरली, असं मला तरी दिसतं.

कारण दळायचं होतं ते यात्रेकरू, फकीर आणि विद्यार्थ्यांसाठी. आपल्याकडे दळण म्हणजे पहाटे उठून खुंट्याला धरणाऱ्या बाईचे हात. ओढ्यावर चक्की बसवावी, तर होळीनंतर ओढाच आटतो. म्हणून उत्तरेच्या डोंगरातलं पाणी काही कोसांवरून खापरी नळांनी आणलं आणि इथे उंच भिंतीवर चढवलं. नळाचं उगमाकडचं टोक त्याहून उंच, त्यामुळे पाणी आपल्याच दाबाने वर येतं. तेच पाणी लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर आदळतं आणि चाकाचा उभा आस वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. हिमालयातले घराट याच घडणीचे. ज्यांच्या मुलखात कालव्यावर दळण होई, त्यांनाच दख्खनमध्ये हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

तरी चक्कीपेक्षा हौद जास्त हुशार. त्याचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत; जाड खांबांनी पाण्याचा सगळा भार पेललेला. उन्हाळ्यात यात्रेकरूंनी त्या गारव्यात टेकावं, अशी सोय. जास्तीचं पाणी खाली खाममध्ये जातं. नदीवर दगडी पूल आहे आणि त्याच्या तोंडाशी शाह महमूद यांच्या नावाचा महमूद दरवाजा.