चंदनाची उसनवारी



दुसऱ्यासाठी देह कष्टविणाऱ्या माणसाला आपण चंदनाची उपमा देतो. सहाणेवर खोड झिजते आणि गंध मात्र दुसऱ्याच्या कपाळी लागते. म्हणून आईबाप मुलांसाठी, गुरू शिष्यांसाठी ‘चंदनासारखे झिजले’ असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. ही उपमा कितीही सुंदर असली, तरी ती तोडून आणलेल्या लाकडाची आहे. रानात उभा असलेला जिवंत चंदनवृक्ष निराळ्याच रीतीने संसार करतो. तो आयुष्यभर शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार उसने घेतो, आणि ही उसनवारी कधीही फेडीत नाही. वनस्पतिशास्त्र त्याला मूळ-परोपजीवी वृक्ष म्हणते.

चंदनाची ख्याती फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यावयाच्या मोलाच्या वस्तू कशा पारखाव्यात हे सांगितले आहे. तेथे रत्नांच्या पंक्तीत चंदनाचे निरनिराळे प्रकार वर्णिले आहेत. लिनियसने १७५३ साली या वृक्षाला ‘सँटालम आल्बम’ असे शास्त्रीय नाव दिले. याप्रमाणे त्याच्या लाकडाची पारख झाली, नाव ठरले, व्यापार दूरदेशी पोहोचला. परंतु जमिनीखाली त्याची मुळे काय करतात, हे शास्त्राच्या ग्रंथांत नोंदले जायला एकोणिसावे शतक उलटत यावे लागले.

ही नोंद करणारा मनुष्य कोणी मोठा पदवीधर नव्हता. १८३६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला जॉन स्कॉट हा एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात माळीकाम करीत असे. फुलांच्या परागीभवनाविषयी तो प्रयोग करी आणि प्रत्यक्ष चार्ल्स डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार चाले. पुढे डार्विनच्याच साहाय्याने स्कॉट हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचा क्युरेटर झाला. तेथे १८७१ साली त्याने प्रसिद्ध केले, की चंदनाची मुळे इतर वनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतून पोषण घेतात. ज्याच्या हातांना माती उकरण्याची सवय होती, अशा माणसाकडून हा शोध लागावा, हे योग्यच झाले. वर पाहणाऱ्याला चंदन दोषी दिसतच नाही. त्याची पाने हिरवीगार असतात. बारीक फुले उमलताना पिवळसर असून पुढे तांबूस-जांभळी होतात, आणि एवढ्या सुगंधी वृक्षाच्या फुलांना वास मात्र नसतो!

आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. शास्त्राच्या वर्गीकरणात बांडगूळ आणि चंदन एकाच गणात मोडतात. फरक इतकाच, की बांडगुळाची चोरी उघड्यावर चालते आणि चंदनाची जमिनीखाली.

या चोरीची रीत सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बारकाईने तपासली ती मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आल्फ्रेड बार्बर यांनी. पुढे कोइमतूर येथे उसाच्या नव्या जाती निर्माण करण्याच्या कामामुळे जे प्रसिद्धीस आले, तेच हे बार्बर. त्यांचा चंदनाच्या शोषक मुळांवरील प्रबंध १९०६-०७ मध्ये प्रसिद्ध झाला. चंदनाचे कोवळे मूळ दुसऱ्या मुळाला स्पर्श करते, तेव्हा त्या जागी घंटेच्या आकाराची एक गाठ तयार होते. ही गाठ परक्या मुळाला घट्ट पकडते. मग तिच्या पोटातून पाचरीसारखा एक भाग निघून त्या मुळाची साल भेदतो आणि आतील जलवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. दोन घरांच्या नळांना मध्येच जोड द्यावा, तसा हा प्रकार आहे. असे जोड एकाच वेळी अनेक झाडांशी असू शकतात. क्वचित एक चंदन दुसऱ्या चंदनालाही सोडीत नाही. तीनशेहून अधिक जातींच्या वनस्पती त्याला यजमान म्हणून चालतात.

तथापि चंदनाला निव्वळ ऐतखाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या पानांत हरितद्रव्य आहे. सूर्यप्रकाशात ते स्वतःचे अन्न बनविते. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. मोठा यजमान वृक्ष त्याच्यामुळे सहसा मरत नाही. बियाणातून उगवलेले रोप पहिले काही महिने स्वतःच्या शिदोरीवर काढते, पण त्यानंतर शेजार मिळाला नाही तर ते पिवळे पडते, खुरटते आणि बहुधा मरते. याच कारणाने तण काढून स्वच्छ केलेल्या जमिनीपेक्षा काटेरी झुडपांच्या आडोशाला टोकलेले बी अधिक चांगले रुजते. बुलबुल आणि कोकिळ चंदनाची काळसर फळे खाऊन झुडपांत बसतात व तेथे बी टाकतात; वनखात्याने झुडपांत बी टोकण्याची पद्धत घातली, ती या पाखरांचीच पद्धत होय. आज रोपवाटिकेत चंदनाच्या शेजारी तुरीचे रोप लावतात आणि पुढे शेतात करंज, बाभूळ किंवा सुरू यांची सोबत देतात.

आता या वृक्षाच्या नशिबाची दुसरी बाजू पाहू. १७९२ साली टिपू सुलतानाने चंदनाला राजवृक्ष ठरविले. १७९९ मध्ये टिपू पडला; परंतु हा मक्ता म्हैसूर संस्थानाने पुढे चालू ठेवला. झाड कोणाच्याही शेतात उगवो, ते सरकारचे! रयतेने ते राखावे आणि चोरी झाली तर जाबही द्यावा, असा हा न्याय होता. मक्त्यापासून राज्याला मोठे उत्पन्न होत असे. पहिल्या महायुद्धात परदेशी गिऱ्हाईक बंद झाले, तेव्हा म्हैसूर दरबाराने देशातच तेल काढण्याचे ठरविले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाची कृती सिद्ध केली आणि १९१६ साली बंगलोरला कारखाना निघाला. त्या वेळी दिवाणपदी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते.

मात्र ज्या शेतकऱ्याच्या बांधावर चंदन आपोआप उगवत असे, त्याला या वैभवापासून भीतीच अधिक वाटे. न मागता आलेले ते सरकारी जोखीमच होते. परिणामी कित्येकांनी रोप दोन पानांचे असतानाच उपटून टाकणे पसंत केले. दुसरीकडे चोरांना मात्र कायद्याची भीती नव्हती. चंदनाच्या मुळांत तेल सर्वांत जास्त, म्हणून झाड तोडीत नाहीत, समूळ उपटतात. मग बुंध्यापासून फूट येण्याची आशाही उरत नाही. शिवाय गाभ्याचे सुगंधी लाकूड भरायला दहा-पंधरा वर्षे तरी लागतात आणि चांगले पिकायला त्याहून दुप्पट-तिप्पट. त्यातच १८९९ साली कूर्गमध्ये एक रोग आढळला. त्यात पाने बारीक होऊन दाटीने कणसासारखी उभी राहतात आणि झाड वाळते. वाईट शेजारामुळे चंदनाचा जीवनरस बिघडत असावा, असेही काहींना वाटले होते. पण १९६९ साली या रोगाचे कारण अतिसूक्ष्म जंतू असल्याचे दिसून आले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. शेजारी निर्दोष ठरले.

अखेर कर्नाटकाने २००१ साली आणि तामिळनाडूने २००२ साली कायदा बदलला, आणि आपल्या जमिनीतील चंदनाचा मालक शेतकरी झाला. टिपूच्या आज्ञेपासून दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. रानांतील चंदन तोपर्यंत इतके विरळ झाले होते, की आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने १९९८ सालीच त्याची गणना धोक्यातील जातींत केली होती.

या इतिहासातून मला एक गोष्ट विशेष जाणवते. राज्यांनी चंदनाकडे कोशातील रत्न म्हणून पाहिले. रत्न पेटीत एकटे ठेवता येते. चंदन तसे ठेवता येत नाही. त्याला जमिनीखाली करंज-बाभळीचा आधार हवा, आणि जमिनीवर आपुलकीने राखणारा शेतकरी हवा. पहिला आधार स्कॉटने दाखवून दिला. दुसरा ओळखायला सरकारला त्याहूनही अधिक काळ लागला. चंदन झिजते हे खरेच आहे. पण ते झिजण्याजोगे मोठे व्हावे म्हणून कोणी तरी आपल्या मुळांतले पाणी त्याला दिलेले असते. परोपकारी माणसाचा गौरव करताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या अशा अनामिक शेजाऱ्यांचीही आठवण ठेवू या. तसे केले तर ती जुनी उपमा खोटी ठरत नाही, उलट पुरी होते.