पोलीस पडताळणी : जुनी शिक्षा रेकॉर्डवरून कधी निघते?

आखाती देशात नोकरी लागली की पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं आणि घरात जुनी केस असेल तर पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही मुख्य गोष्टी इथे देत आहोत.

प्रौढांची शिक्षा : ठरावीक वर्षांनी ती आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. मात्र १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली सुटका झाली असेल, तर कलम १२ नुसार त्या शिक्षेची अपात्रता लागत नाही.

१८ वर्षांखालील मुलं : २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ अपात्रता काढतं. अपिलाची मुदत उलटल्यावर ठरल्या काळाने नोंदीही नष्ट करायच्या असतात. अपवाद, १६ वर्षांवरील मुलाला अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलं तर.

पासपोर्ट : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर त्यानंतर ५ वर्षं नकार मिळतो. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते.

फॉर्म भरताना : विचारलेलं लपवू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार माहिती दडवल्यास सरकारी नोकरी जाऊ शकते. निर्दोष सुटला असाल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घरात जपून ठेवाच.