भोकाचा पैसा

युद्ध म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात सेनापती येतात. मुंबईच्या चाळीत मात्र पिशवी आली! 1942 मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिथला तांदूळ बंद झाला आणि 1943 च्या मे महिन्यात शहरात रेशनिंग सुरू झालं. रंगून नकाशात कुठे असतं हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना ते पडल्याचं थेट ताटात कळलं. भातावर पोसलेल्या पोटांनी गहू गोड मानून घेतला. चर्चिलसाहेबांनी युद्धावर सहा खंड लिहिले. त्यांत ही आघाडी शोधू नका.

धातूची ओढाताण सुरू झाली तेव्हा सरकारनं त्याच साली पैशालाच मधोमध भोक पाडलं. तोवर भोक खिशाला असायचं, एवढाच काय तो फरक! पण आपली माणसं वस्ताद. कुणी तो पैसा करगोट्यात ओवून पोराच्या कमरेला बांधला, कुणी नटबोल्टाखाली वायसर म्हणून बसवला.

हसायचं ते या पैशाला. रेशनकार्डाला हसवत नाही. त्याच 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली. कलकत्त्यात रेशनिंग आलं ते 1944 साली. तोवर खेडीच्या खेडी उजाड झाली होती. मुंबईकर रांगेत उभा राहून ज्या कार्डाला शिव्या मोजत होता, ते तिकडे वेळेवर पोचलंच नाही.

लढाई 1945 मध्ये संपली. भोकाचा पैसाही गेला. कार्ड मात्र अजून आपल्या कपाटात आहे. असू द्या.