तळटीप ७ : झेनर पिनिंग
७. धातू तापवला की त्यातले मोठे स्फटिक लहानांना गिळून वाढतात आणि त्याची ताकद घटते. दोन स्फटिकांमधली सीमा सरकताना वाटेत न विरघळलेला बारीक कण आला, की तेवढ्या जागी सीमेचे क्षेत्रफळ कमी होते. तिथून सुटायला ऊर्जा लागते, म्हणून सीमा अडते. कण जितके बारीक व संख्येने जास्त, तितका अटकाव मोठा. कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनर (१९०५–१९९३) यांची. सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी १९४८ च्या निबंधात ती मांडली आणि श्रेय प्रांजळपणे झेनर यांनाच दिले. पोलादात हे काम बहुधा ॲल्युमिनियम नायट्राइडचे कण करतात. भट्टी फार तापली की ते विरघळतात, आणि स्फटिक झपाट्याने वाढतात.